कोपऱ्यावरच्या दुकानातलं इंग्रजी

मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिने अमेरिकेत राहायला गेलेल्या कितीतरी आईवडिलांना मी एकाच जागी अडलेलं पाहिलं आहे. आयुष्यभर मंडईत भाव करून भाजी आणलेली, बँकेच्या रांगेत उभं राहून स्वतःची कामं स्वतः केलेली ही माणसं. तिथे गेल्यावर मात्र दूध संपलं तर संध्याकाळी जावई किंवा सून घरी येईपर्यंत बिनदुधाचा चहा पितात. दुकान पाचशे पावलांवर असतं. पाय धड असतात, खिशात डॉलरही असतात. अडतं ते तोंड.

मीही अशीच अडले होते. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले आणि न्यू जर्सीला लेकीकडे गेले. इंग्रजी मला येत नव्हतं असं नाही. वर्तमानपत्र वाचता येत होतं, अर्ज लिहिता येत होता. पाठ्यपुस्तकातल्या कवितेमुळे डॅफोडिल ठाऊक होतं. पण कॉफीच्या कपावरच्या झाकणाला लिड म्हणतात, हे मात्र ठाऊक नव्हतं. आपल्या पिढीच्या इंग्रजीत नेमकी हीच उणीव आहे. मोठे शब्द आहेत, पण हाताशी लागणारे बारके शब्द नाहीत. ते पुस्तकातून येत नाहीत. ज्या वस्तूला हात लावला, जिचे पैसे मोजले आणि जी घरी आणून खाल्ली, तिचं नाव विसरत नाही. म्हणून ज्यांना तिकडे जायचं आहे किंवा जे सध्या तिकडेच आहेत, त्यांना मी एकच शाळा सुचवते: कोपऱ्यावरचं कन्व्हिनियन्स स्टोअर.

आपल्या वाण्याच्या दुकानासारखंच हे छोटं दुकान असतं. तिथे दूध, अंडी, ब्रेड, केळी, कॉफी, वेफर्स, सँडविच मिळतं आणि ते पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. अमेरिकेत अशी सुमारे दीड लाख दुकानं आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी पेट्रोलही मिळतं. त्यामुळे मुलं ‘गॅस स्टेशनवरून घेऊन येतो’ म्हणाली तर सिलिंडर डोळ्यांपुढे आणू नका. तिथे गॅस म्हणजे पेट्रोल. अशा दुकानांच्या साखळ्यांपैकी सेव्हन-इलेव्हन हे नाव तर आता आपल्याकडेही आलं आहे, २०२१ साली मुंबईत त्यांचं पहिलं दुकान उघडलं. या साखळीची सुरुवात १९२७ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये बर्फाच्या वखारीतून झाली. बर्फ होताच, त्यावर दूध, अंडी आणि ब्रेड ठेवून विकायला लागले. १९४६ मध्ये दुकान सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत उघडं ठेवायचं ठरलं आणि वेळेवरूनच नाव पडलं.

सुपरमार्केट सोडून हेच दुकान का? सुपरमार्केटमध्ये शब्दांचा पूर येतो आणि यंत्रावर स्वतःच बिल करून तोंड न उघडता बाहेर पडता येतं. इथे चार फडताळं, एक काउंटर आणि त्यामागे एक माणूस असतो. रोज त्याच दुकानात, शक्यतो त्याच वेळी जा. सकाळी सात ते नऊ टाळा, तेव्हा कामावर निघालेल्यांची घाई असते. दुपारी तीनच्या सुमारास काउंटरवरच्या माणसाला दोन वाक्यं बोलायला सवड असते आणि तुमच्यामागे कोणी ताटकळत नसतं. एका फेरीत पाचच शब्द घ्यायचे, त्याहून जास्त नाहीत.

पहिले शब्द कोणते? मी मोजमापांपासून सुरू करायला सांगेन, कारण तिथे मराठी माणसाचा पाया भक्कम असतो. आपण केळ्यांची फणी म्हणतो, कोथिंबिरीची जुडी, पावाची लादी, बिस्किटांचा पुडा, लोणच्याची बरणी. प्रत्येक वस्तूला तिचं माप. इंग्रजीतही तसंच आहे, फक्त वाटण्या वेगळ्या. केळ्यांची फणी, कोथिंबिरीची जुडी आणि द्राक्षांचा घड या तिन्हींना मिळून एकच शब्द, बंच. अख्ख्या ब्रेडला लोफ, त्यातल्या एका कापाला स्लाइस. अंड्यांच्या खोक्याला कार्टन, लोणच्याच्या बरणीला जार, वेफर्सच्या पुड्याला बॅग. दुधाच्या मोठ्या प्लास्टिकच्या कॅनला जग. कॅन मात्र कोकचा, पत्र्याचा. तो जग बहुधा एका गॅलनचा असतो, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर. उचलताना जपा. दोन माणसांच्या चहाला क्वार्ट पुरे, ते गॅलनच्या पाव भागाचं, लिटरला थोडं कमी.

क्वार्ट आणि क्वार्टर हे एकाच घरातले शब्द, आणि क्वार्टर म्हणजे आपला पाव. ज्यांनी लहानपणी पावली हाताळली आहे, त्यांना अमेरिकन नाणी समजायला वेळ लागू नये: पावली म्हणजे पाव रुपया, क्वार्टर म्हणजे पाव डॉलर, पंचवीस सेंट. अडचण येते ती इतर नाण्यांची, कारण त्यांच्यावर किमतीचा आकडा छापलेला नसतो, किंमत अक्षरात. पेनी एका सेंटची, निकेल पाच सेंटचं, डाइम दहा सेंटचं. त्यातही डाइम आकाराने सगळ्यात लहान, निकेलपेक्षाही लहान, आणि किंमत दुप्पट. घरी टेबलावर ही चार नाणी मांडा, डोळे मिटून बोटांनी ओळखा आणि नाव मोठ्याने म्हणा. दोन दिवसांत जमतं. नाणी ओळखू आली की काउंटरवरचा अर्धा धसका जातो.

पैशांबद्दल आणखी एक. आपल्याकडे पुड्यावर छापील किंमत असते आणि तेवढेच पैसे द्यायचे असतात. तिथे फळीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, पण तो सगळ्या खाण्यावर नाही. दूध, ब्रेड, फळं करमुक्त. गरम कॉफी, सोडा आणि कँडी यांच्यावर कर. कँडी म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे: ज्यात पीठ असेल ते कँडी नाही. त्यामुळे नुसत्या चॉकलेटच्या वडीवर कर लागतो आणि वेफर किंवा बिस्किट असलेल्यावर लागत नाही. बिलावर सबटोटल, टॅक्स, टोटल आणि चेंज असे चार शब्द एकाखाली एक येतात. म्हणूनच पावती कधी टाकून देऊ नका. ती वहीत चिकटवा आणि शेजारी वस्तूंची मराठी नावं लिहा. रोजचा धडा आयताच छापून मिळतो, तोही तुम्हीच घेतलेल्या वस्तूंचा.

आता फसवे शब्द. बिस्किट मागितलं तर तिथे मऊ, खारट, लोणी लावून खायच्या पावासारखा पदार्थ मिळतो. चहात बुडवायला तो कामाचा नाही, हे मी अनुभवाने सांगते. आपलं गोड बिस्किट म्हणजे कुकी, खारं म्हणजे क्रॅकर. आपले वेफर्स म्हणजे चिप्स. सोडा म्हणजे कोणतंही गोड फसफसतं पेय. आपल्याला अभिप्रेत असलेला साधा सोडा हवा असेल तर सेल्टझर म्हणा. हॉट म्हणजे गरमही आणि तिखटही, म्हणून तिखट आहे का असं विचारायचं असेल तर ‘इज इट स्पाइसी?’ हेच बरं. बेगल नावाचा मध्ये भोक असलेला चिवट पाव असतो, त्याचा एक प्रकार ‘एव्हरीथिंग’. नाव ऐकून बिचकू नका: वर तीळ, खसखस, कांदा, लसूण आणि मीठ भुरभुरलेलं असतं. आपल्या जिभेला जवळचा असा तोच एक बेगल आहे, असं माझं मत.

कॉफीच्या कोपऱ्यात पाच मिनिटं उभं राहिलात तर दहा शब्द सापडतील. कप, लिड, स्लीव्ह म्हणजे कप हाताला भाजू नये म्हणून घालायची पुठ्ठ्याची बाही, स्टरर म्हणजे ढवळायची काडी. डिकॅफ म्हणजे कॅफिन काढलेली. रात्रीची झोप उडत असेल तर ती घ्या. होल मिल्क म्हणजे साय न काढलेलं, स्किम म्हणजे साय पूर्ण काढलेलं, टू परसेंट मधलं. हाफ अँड हाफ म्हणजे निम्मं दूध, निम्मं क्रीम. आपल्या दाट दुधाच्या कॉफीची सवय असलेल्यांना तेच आवडतं.

शाकाहारी माणसाला इथे वाचायला शिकण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे पुड्यावर हिरवा ठिपका पाहिला की काम झालं. अमेरिकेत असा ठिपका सक्तीचा नाही, त्यामुळे घटकांची यादीच वाचावी लागते. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सर्वांत जास्त ते पहिलं. काही शब्द पाठच करा. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. ती काही बीन्सच्या पदार्थांत आणि पेस्ट्रीत असते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं. मार्शमेलो आणि लहान मुलांच्या रंगीत चिवट गोळ्या, ज्यांना गमी म्हणतात, त्यांत ते बहुधा असतंच. ब्रॉथ म्हणजे मांसाचं किंवा भाज्यांचं पाणी. भाज्यांच्या सूपमध्येही चिकन ब्रॉथ असू शकतो. चीजच्या यादीत नुसतं एन्झाइम्स लिहिलेलं असेल तर ते प्राण्यांपासून आहेत की नाहीत ते कळत नाही. मायक्रोबियल हा शब्द दिसला तर निर्धास्तपणे घ्या. अँचोव्ही म्हणजे एक छोटा मासा, तो सॅलडवरच्या सॉसमध्ये लपलेला असतो. आणि तोंडी विचारताना नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. मासा चालतो, अंडं चालतं, असं समोरच्याला वाटू शकतं. ‘नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग्ज’ असं एकेक मोजून म्हणा. लांबलं तरी चालेल.

यादीखाली पुष्कळदा ‘कंटेन्स’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते. ॲलर्जी होऊ शकते अशा नऊ पदार्थांपैकी जे आत असतील त्यांची नावं तिथे असतात: दूध, अंडं, मासा, शेलफिश म्हणजे कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, ट्री नट्स, पीनट्स, गहू, सोया आणि तीळ. तीळ या यादीत १ जानेवारी २०२३ पासून आला. काजू-बदाम ट्री नट्समध्ये येतात, शेंगदाणा वेगळा, कारण तो झाडावर लागत नाही. नातवंडं शाळेत जात असतील तर ही ओळ वाचता येणं अत्यावश्यक आहे. तुम्ही प्रेमाने दिलेला शेंगदाण्याचा लाडू त्यांच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. तिथे पीनट हा शब्द इतक्या गांभीर्याने घेतात, त्याचं कारण हेच.

मधुमेह असणाऱ्यांनी त्याच पुड्यावर न्यूट्रिशन फॅक्ट्सच्या चौकटीत ‘ॲडेड शुगर्स’ शोधावं. आकडा ग्रॅममध्ये असतो आणि चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. कोकच्या १२ औंसांच्या, म्हणजे ३५५ मिलिलिटरच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते. चमचे तुम्हीच मोजा. पण आधी ‘सर्व्हिंग’ पाहा. चौकटीतला आकडा पुष्कळदा अख्ख्या पुड्याचा नसतो, एका वाढणीचा असतो. थंड चहा घेताना ‘अनस्वीटन्ड’ लिहिलेला घ्या. हे ‘अन’ आपल्या ‘बिन’सारखं आहे: बिनसाखरेचं अनस्वीटन्ड, बिनमिठाचं अनसॉल्टेड. एक जोड कळली की दहा शब्द मागोमाग येतात.

तारीख वाचताना सगळेच चुकतात. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. ०४/०५ म्हणजे पाच एप्रिल, चार मे नव्हे. दह्याच्या डब्यावर हे चुकलं तर महिनाभराचा फरक पडतो. सेव्हन-इलेव्हनवाले सात-अकरा म्हणून आपला दिवस साजरा करतात तो ११ जुलैला, ७ नोव्हेंबरला नाही. हे लक्षात ठेवलं की तारखेचा क्रम विसरणार नाही.

क्रियापदं शिकायला पुड्यासारखं दुसरं पुस्तक नाही, कारण वाचायचं आणि लगेच हाताने करायचं. ‘टिअर हिअर’ म्हणजे इथे फाडा. पील म्हणजे सोला किंवा वरचा पापुद्रा ओढून काढा. पोअर म्हणजे ओता, स्टर म्हणजे ढवळा, शेक म्हणजे गदागदा हलवा, स्क्वीझ म्हणजे पिळा किंवा दाबा. नूडल्सचा एक कप आणा. चष्मा लावून त्यावरच्या सूचना मोठ्याने वाचा आणि वाचत वाचत करा. ‘लेट स्टँड’ आलं की एक-दोन मिनिटं झाकून ठेवा, आपण पोहे वाफेवर ठेवतो तसं. मायक्रोवेव्हसमोर उभं राहून केलेला हा सराव वर्गात तासभर बसण्यापेक्षा मोलाचा आहे.

आता काउंटर. माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायला हवी, कारण इथे आपल्याकडून नकळत उद्धटपणा होतो. मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो. ‘एक कॉफी द्या’ म्हटलं की ‘द्या’मध्ये सगळा मान आला, वेगळं काही जोडावं लागत नाही. इंग्रजी क्रियापदाला ती सोय नाही. तिथे ‘गिव्ह मी वन कॉफी’ म्हटलं की समोरच्याच्या कानावर ‘दे’ पडतं. माझा आवाज मऊ होता, चेहऱ्यावर हसू होतं, तरी काउंटरवरच्या मुलीचा चेहरा कोरडा का होतो, हे मला महिनाभर कळलं नव्हतं. लेकीने वाक्य बदलून दिलं: ‘कॅन आय गेट अ बेगल, प्लीज?’ आपला ‘द्या’ तिकडे ‘कॅन आय गेट’ आणि ‘प्लीज’ या दोन तुकड्यांत वाटलेला आहे. दोन्ही म्हणा, दर वेळी म्हणा.

पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ‘हाऊ आर यू?’ हा आपल्या ‘काय, कसं काय?’सारखा, गुडघेदुखी सांगायची नाही, ‘गुड, हाऊ आर यू?’ म्हणायचं. ‘एनिथिंग एल्स?’ किंवा ‘इज दॅट इट?’ म्हणजे आणखी काही? उत्तर: ‘दॅट्स इट.’ ‘नीड अ बॅग?’ असं विचारतील. न्यू जर्सीत मे २०२२ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा घरून कापडी पिशवी न्या आणि ‘नो, थँक यू’ म्हणा. ‘डू यू वॉन्ट युअर रिसीट?’ याला नेहमी हो म्हणायचं, वहीसाठी. आणि एक छोटा वाक्प्रचार, जो शिकल्यावर मला तिथली झाल्यासारखं वाटलं: ‘ऑल सेट’. त्याने ‘यू’र ऑल सेट’ म्हटलं तर तुमचं काम झालं, निघा. तुम्ही ‘आय’म ऑल सेट’ म्हटलंत तर मला आणखी काही नको. मान डोलावून हो-नाही सांगू नका. आपलं डोलावणं त्यांना कळत नाही, तोंडाने येस किंवा नो म्हणा.

उच्चारांचं फार दडपण घेऊ नका, पण चार गोष्टी सांभाळा. रिसीटमध्ये पी लिहितात पण म्हणत नाहीत, सॅमनमध्ये एल म्हणत नाहीत. टोमॅटोला टमेटो म्हणतात. व्हॅनिला म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, वॉटर म्हणताना ओठ गोल करा. देवनागरीत आपण व्ह आणि व वेगळे लिहितोच, आता वेगळे म्हणा. चीजमधला ज कसा? दुनिया या अर्थाच्या ‘जग’मधल्या ज-च्या जवळचा. दुधाच्या जगमधला ज निराळा. लिहायला एक, म्हणायला दोन, हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. वहीत उच्चार खुशाल देवनागरीत लिहा. त्यात कमीपणा नाही. आपल्या लिपीत आवाज जसाच्या तसा उतरवायची जेवढी सोय आहे तेवढी इंग्रजी स्पेलिंगात नाही.

काउंटरवर पुष्कळदा गुजराती किंवा पंजाबी माणूस भेटतो. आपली साडी किंवा कुंकू पाहून तो आपुलकीने हिंदीत सुरू होतो. त्याच्याशी जरूर बोला, पण खरेदी होईपर्यंत इंग्रजीच बोलू द्या अशी विनंती करा. त्यांतल्या अनेकांनी स्वतःही त्याच काउंटरमागे उभं राहून इंग्रजी शिकलेलं असतं, त्यामुळे ते मनापासून मदत करतात. माझ्या दुकानातले काका रोज एक नवा शब्द माझ्यासाठी काढून ठेवायचे.

पहिल्या दिवशी केळ्यांचा एक बंच आणा, दुसऱ्या दिवशी ब्रेड. आठवड्याअखेर बेगल मागा. चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, दुकान तिथेच असतं.

आणि तिकडच्या मुला-मुलींना, सुनांना-जावयांना एक विनंती. आईबाबांची काळजी म्हणून घरातली प्रत्येक वस्तू तुम्ही गाडीतून आणून ठेवता, फोनवरून मागवता. त्यांच्या हातात वीस डॉलर आणि घराची किल्ली द्या. पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जा, बाहेर थांबा, आत जाऊ नका. तुमच्या शनिवारच्या यादीतून दूध तेवढं काढून टाका. ते त्यांना आणू द्या.